बारावीच्या वर्गात लाइट बिल

लातूरला बारावीच्या पोरांना मॅथ्स शिकवतो. परवा एरिया अंडर कर्व्ह (ग्राफखालचं क्षेत्रफळ, जे इंटिग्रेट करून काढतात) चालू होतं, त्यात पीसवाइज फंक्शन, म्हणजे तुकड्यातुकड्याला वेगळा फॉर्म्युला असलेलं, घेतलं. ० ते २ मध्ये एक्स स्क्वेअर, २ च्या पुढे ६ वजा एक्स, आणि एरिया काढायचा ० ते ८. मुद्दाम ८ घेतलं, कारण ६ नंतर रेष एक्स ॲक्सिसच्या खाली जाते आणि तिथे निम्मा वर्ग घसरतो.

एक पोरगा तर तिथवर पोचलाच नाही. त्याने दोन्ही फॉर्म्युले सरळ ० ते ८ इंटिग्रेट करून टाकले, ५१२/३ अधिक १६, म्हणजे ५६०/३, जवळपास १८७! म्हटलं अरे आकृती तरी बघ, वरचा भाग ६ बाय ४ च्या चौकटीत बसतो, खालचा २ बाय २ मध्ये, सगळं मिळून २८ च्या वर जाणारच नाही, तू १८७ कुठून आणलेस? वर्ग हसला, तोही हसला, पण लगेच म्हणाला, "सर फंक्शन एकच आहे ना, मग तोडायचं कशाला?"

मी खडू उचलणार तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, "अरे लाइट बिलावर नाही का, पहिल्या १०० युनिटला एक रेट, मग ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा." घरचं बिल म्हणे तीच तपासते.

मग काय, प्रश्न ठेवला बाजूला आणि फळ्यावर जिना काढला. आडवे युनिट, उभा रेट, जिन्याखालचा एरिया म्हणजेच बिल. रेट दरवर्षी बदलतात म्हणून सोयीचे धरले, ४, १० आणि १४ रुपये. ३४० युनिट जळाले तर ४०० अधिक २००० अधिक ५६०, झाले २९६०. सगळ्यालाच १४ लावला तर ४७६०. निम्म्या वर्गाची समजूत अशीच होती की ३०० ओलांडलं की सगळं बिल वरच्या रेटने! इन्कम टॅक्सच्या स्लॅबबद्दल मोठी माणसंही हेच धरून बसतात, असो.

तोच पोरगा परत, "पण बरोबर १०० वर रेट कुठला धरायचा, ४ का १०?" हा प्रश्न मला खरंच आवडला. म्हटलं काहीही धर, एका पॉइंटला रुंदीच नाही, तिथे उभी रेघ आहे आणि रेघेचा एरिया शून्य, त्यामुळे ग्राफने उडी मारली तरी इंटिग्रलला काही फरक पडत नाही, फक्त उडीपाशी इंटिग्रल तोडून दोन भागांत काढायचं.

मूळ गणित मग त्यानेच फळ्यावर सोडवलं. ० ते २ चे ८/३, २ ते ६ चे ८, आणि ६ ते ८ चे वजा २ आले तिथे स्वतःच थांबला, एरिया निगेटिव्ह कसा म्हणून मॉड्युलस लावला, म्हणजे वजा चिन्ह काढलं, एकूण ३८/३. (नुसतं इंटिग्रल विचारलं असतं तर वजा २ तसेच ठेवून २६/३, परीक्षेत प्रश्न नीट वाचा रे.)

बेल झाली तरी त्या मुलीचं चालूच, "सर, बिलावर स्थिर आकार पण असतो, तो ग्राफखाली कुठे येतो?" म्हटलं तो येतच नाही, वरून जोडायचा. "म्हणजे शून्य युनिट जाळले तरी?" हो, तरी.

त्यावर मात्र अख्खा वर्ग एका सुरात बोंबलला.