उलटी लेन्स, पालथा माणूस

आमच्याकडे कॅमेरा घेऊन वावरात शिरलेला माणूस एकतर लग्नाआधीचे फोटो काढायला आलेला असतो, नाहीतर पीकविम्याचा असतो. आर्वीजवळच्या आमच्या गावात मागच्या पावसाळ्यात मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन तासांमध्ये पालथा पडलो होतो, तेव्हा धुऱ्यावरून शेजारच्या काकांनी हाक दिली, "पंचनामा चालू हाय का भाऊ? आमच्याही वावरात येजा मंग."

"नाही काका, तुडतुड्याचा फोटो काढून राह्यलो."

तुडतुडा म्हणजे पऱ्हाटीवरची बारकी कीड. काका जरा थांबले. "त्याचा कायले? घरी नेऊन लावतं का भिताडाले?"

उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं. हा नाद लागतो एवढं खरं. आणि लागला की पहिल्याच आठवड्यात मॅक्रो लेन्सची, म्हणजे बारक्या वस्तू जवळून मोठ्या टिपणाऱ्या लेन्सची, किंमत कळते. बऱ्यापैकी लेन्स घ्यायची तर चाळीस-पन्नास हजार हवेत. तेवढ्यात आमच्याकडे जुनी मोटारसायकल येते आणि तिच्यावर तिघं बसून बाजारालाही जाता येतं. त्यामुळे मी जुगाडाच्या वाटेला लागलो.

सुरुवात घरातल्या चष्म्यांपासून झाली. कॅमेऱ्याच्या तोंडावर फिरकीनं बसवायच्या 'क्लोजअप' काचा मिळतात, त्यांच्यावर +1, +2, +4 असे आकडे असतात. ते आकडे म्हणजे सरळसरळ चष्म्याचे नंबर. हजाराला नंबरानं भागलं की काच किती मिलिमीटरवरचं स्पष्ट दाखवेल ते निघतं. +4 ची काच म्हणजे 25 सेंटीमीटर. हे समजल्यावर काचा कोण विकत घेतो? आईचा जवळचा चष्मा +2.5 चा. तो लेन्ससमोर धरला तर 40 सेंटीमीटरवर ओट्यावरची मुंगी स्वच्छ दिसली. बाबांचाही नंबर तोच, आणि दोन काचा एकापुढे एक धरल्या की नंबरांची बेरीज होते, म्हणून त्यांचाही मागून घेतला. अंतर 20 वर आलं, मुंगी आणखी मोठी झाली. फोटोच्या कडा मात्र पाण्यात बुडाल्यासारख्या विरघळल्या. माझा प्रयोग चालू होता तोवर आईचं तांदूळ निवडणं आणि बाबांचा पेपर दोन्ही थांबलं होतं. "मुंगीचे फोटो झाले असतील तर आम्हाला दिसू द्या," असा निरोप स्वयंपाकघरातून आला, तेव्हा तो मार्ग बंद झाला.

मोबाइलवाल्यांसाठी याहून स्वस्त युक्ती आहे, पाण्याचा थेंब. काडीनं एक बारका थेंब मोबाइलच्या लेन्सवर ठेवायचा आणि फोन हळूच उलटा करायचा. थेंब लोंबकळतो, पडत नाही, आणि त्या फुगीर पाण्याचंच भिंग होतं. फक्त पान जवळजवळ फोनला टेकवावं लागतं. डिसेंबरातल्या सकाळी हीच करामत तुरीच्या पानावरचं दव आपणहून करत असतं. थेंबाखालची शीर आजूबाजूच्या शिरांपेक्षा जाड दिसते. काही स्वस्त फोनांत 'मॅक्रो' म्हणून जो दोन मेगापिक्सेलचा तिसरा डोळा देतात, त्यापेक्षा हा थेंब कधीही बरा. तिथे नाव मोठं आणि लक्षण खोटं.

पण खरी गंमत लेन्स उलटी लावण्यात आहे. साधी लेन्स समोरचा मोठा पसारा घेते आणि मागे सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चकतीवर, त्याचं बारकं चित्र पाडते. तीच फिरवून लावली की बारकं घेऊन मोठं पाडते. लहानपणी जत्रेतली दुर्बीण उलटी धरून आपण सगळ्यांनी आख्खं गाव काडीपेटीएवढं करून पाहिलंय, त्यातलाच हा प्रकार. त्यासाठी लागते एक 'रिव्हर्स रिंग', धातूचं साधं कडं; मला तीनेकशे रुपयांत मिळालं. कॅमेऱ्याबरोबर आलेली 18-55 मिलिमीटरची झूम लेन्स (एरवी 55 वर जास्त मोठं दाखवणारी) त्यावर उलटी बसवली की झूमही उलटा चालतो. 55 वर कमी मोठं दिसतं आणि 18 वर सगळ्यात मोठं. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण 23 मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे 'एकास एक' फोटोत, जिथे वस्तू सेन्सरवर आहे तेवढीच उमटते, बोटाच्या पेराएवढी जागा मावते आणि 18 वर फार तर तुरीच्या दाण्याएवढी.

अडचणी पुष्कळ. कॅमेऱ्यापासून सुटल्यावर माझ्या लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र मिटून जातं, म्हणून मागच्या बारक्या दांडीत कागदाची घडी खुपसून ते उघडं ठेवतो. स्वयंचलित काही उरत नाही. फोकसची रिंग फिरवून काही होत नाही, आपणच पुढे-मागे डुलायचं, देवीच्या अंगात आलेल्या बाईसारखं, फक्त हळू. स्पष्ट दिसणारा पट्टा मिलिमीटरभरही नसतो. श्वास सोडला की किड्याच्या डोळ्यावरचा फोकस त्याच्या ढुंगणावर जातो. शिवाय लेन्सचा जो नाजूक भाग एरवी कॅमेऱ्याच्या पोटात असतो तोच आता पऱ्हाटीच्या फांद्यांसमोर उघडा. माझ्या लेन्सवर तिथे एक ओरखडा आहे. सेन्सरवर गेलेली धूळ तालुक्याच्या गावी एकाकडे साफ करायला दिली, तर त्यानं होती ती पुसून नवी घालून दिली.

एक्स्टेन्शन ट्यूबही आणल्या. त्या म्हणजे आत काच नसलेल्या पोकळ नळ्या, लेन्स सेन्सरपासून लांब सरकवायला. 50 मिलिमीटरच्या लेन्समागे 50 मिलिमीटरची नळी लावली की एकास एक होतं, पण उजेड चौथाईवर येतो. त्यासाठी फ्लॅशवर पांढरी पिशवी बांधली. चालतं ते, पण उलट्या लेन्सची मजा त्यात नाही.

तर तो तुडतुडा. पऱ्हाटीच्या पानाखाली राहतो, जेमतेम तीन मिलिमीटरचा, आणि हात लावला की खेकड्यासारखा तिरपा पळतो. सकाळी सात वाजता, पान गार असताना, तो मला उभा सापडला. पडद्यावर मोठा करून पाहिला तर पोपटी अंग काचेसारखं, पंखांवर एकेक काळा ठिपका, पाय काटेरी. आणि तो उभा होता ती जागा आपल्याला वाटतं तसं गुळगुळीत पान नव्हतंच. पांढऱ्या लवेचं रान होतं, त्यातून वाट काढत तो सोंड टेकवायला जागा शोधत होता.

बाबांना दाखवला. इतकी वर्षं त्याच्यावर फवारणी केली, पण तोंडओळख आज झाली. चष्मा कपाळावर सारून त्यांनी पडदा नाकाजवळ घेतला. तुडतुड्याकडे त्यांनी फार लक्ष दिलं नाही. "लव पाह्य," म्हणाले. "लव दाट असली का हा कमी बसते. आमी बियाणं निवडताना पान अंगठ्यानं चोळून पाहो."

मी नंतर वाचलं तेव्हा कळलं, कापसाच्या लवदार वाणांवर तुडतुडे कमी पडतात हे कृषिशास्त्रातही पक्कं आहे. मी तीनशे रुपयांचं कडं आणि फुटलेले गुडघे खर्चून जे पाहिलं ते बाबांच्या अंगठ्याला ठाऊक होतं. थोडा हिरमुसलो, खोटं कशाला बोलू.

लेव्हेनहुक नावाचा कापडाचा व्यापारी हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी स्वतः भिंगं बनवायचा, वाटाण्याहूनही बारकी, आणि 1673 पासून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रं लिहून कळवायचा की मला अमुक दिसलं, तमुक दिसलं. कापडवाल्यांना सुताचा कस पाहायला भिंग लागायचंच. कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या माणसाला हे वाचून आपलाच कुणी चुलता निघाल्यासारखं वाटतं.

पुढे तालुक्याच्या बाजारात एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे डोळ्याच्या खोबणीत बसवायचं दहा पटीचं भिंग मिळालं. गिऱ्हाईक उरलं नाही म्हणून त्यांनी ते शंभर रुपयांत दिलं. मोबाइलवर चिकटपट्टीनं लावायचं म्हणून आणलं होतं. मृगाचा मखमली किडा मी त्यातूनच पाहिला: लाल गादीखाली आठ पाय, म्हणजे हा कोळ्याच्या कुळातला.

ते भिंग आता बाबांच्या बंडीच्या खिशात असतं. तुरीला फुलं आली की डोळ्यात अडकवून ते एकेक पान उलटत जातात, दुसरा डोळा मिटून. परवा मला फोटोसाठी हवं होतं, तर म्हणाले, "संध्याकाळी घे. आता शेंगेची अळी पाह्यतो." मघाचे काका धुऱ्यावर बसून होते, आपल्या पाळीची वाट पाहत.