बिल्डिंग नंबर

दुपारी जरा डोळा लागला होता, तेवढ्यात कुरियरवाल्याचा फोन. “काका, नंबर नको, टॉवरचं नाव सांगा.” मी सवयीने ११८ सांगून बसलो होतो. ११८ पाडून चार वर्षं झाली. जागेवर टॉवर आहे, त्याला सोनेरी अक्षरांत इंग्रजी नाव आहे, आणि ते काही केल्या माझ्या तोंडात बसत नाही. शेवटी फोन वॉचमनकडे द्यायला सांगितला.

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात माणसाला आधी नंबर, आडनाव मागाहून. ११२ मधला बंड्या, ९० मधल्या वहिनी. जिन्याच्या तोंडाशी, पिवळ्या भिंतीवर काळ्या रंगात आकडा. पण ११७ च्या शेजारी ११८ असेलच असं मात्र नाही. एकदा मामा गावाहून आंब्याची पेटी खांद्यावर घेऊन आला आणि तासभर फिरत राहिला. पिठाच्या गिरणीवाल्याने आणून सोडला तेव्हा घामाने निथळत एवढंच म्हणाला, “तुमच्या बोर्डाला पाढे येत नाहीत.”

बोर्ड म्हणजे हौसिंग बोर्ड. म्हाडा हे १९७७ नंतरचं नाव. आजीच्या तोंडी शेवटपर्यंत बोर्डाचीच खोली होती. बोर्डाचा कायदा १९४८ चा. पुढे १९५२ पासून गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांच्या घरांना केंद्राचं अनुदान मिळू लागलं आणि उपनगरांत वसाहती उठल्या. नावं थोरामोठ्यांची. घाटकोपरला पंतनगर, कुर्ल्याला नेहरूनगर, चेंबूरला टिळकनगर. आमच्याकडून हायवे ओलांडला की टागोरनगर. आमच्या वाट्याला मारोतराव कन्नमवार. १९६२ मध्ये यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, तेव्हा हे मुख्यमंत्री झाले आणि जेमतेम वर्षभराने, पदावर असतानाच वारले. चांद्याकडच्या माणसाचा आमच्या खाडीशी काय संबंध, असं मी वर्गात विचारलं. बाईंनी अंगठे धरायला लावले. उत्तर अजून यायचंय.

खाडी मात्र घरातच असायची. ओहोटीला चिखलाचा वास खिडकीतून सरळ मोरीपर्यंत जायचा. पाहुणे येणार असले की आई विचारायची, “आज भरती कितीला रे?” जसं काही त्यावर चहाची वेळ ठरवणार होती. ठरवायचीही!

तळमजल्यावाल्यांनी आधी पुढे पत्रा टाकला, मग भिंत घातली, मग तुळस आणखी पुढे सरकली. पहिल्या मजल्यावाले महिनाभर भांडले आणि त्याच भिंतीवर स्लॅब टाकून मोकळे झाले. पाहता पाहता चारही मजले एकेका खोलीने पुढे आले. बाबा रोज कामावरून येऊन ते बांधकाम बघत उभे राहायचे. त्यांची स्वतःची खोली ज्या दिवशी वाढली, त्या दिवशी त्यांनी तिथे आरामखुर्ची टाकली आणि रात्री तिच्यातच झोपले. पुनर्विकासाच्या सभेत सगळे कार्पेट एरिया विचारत होते, बाबांनी विचारलं, “ह्या खोलीचं काय?” ती कागदावर नव्हतीच.

आता आई चौदाव्या मजल्यावरच्या बंद काचेतून खाडी बघते. भरती-ओहोटी नीट दिसते, वास येत नाही. तरी पाहुणे यायचे असले की एकदा बघून घेते.

पार्सल आलं. उघडलं, तर आत लहान मुलाचे बूट. बी विंगमधल्या १४०२ चं होतं.