आजचं वरचं किती?

आमच्या घरी सकाळी पेपर यायच्या आधी आईचं बीपी येतं. "आजचं वरचं किती?" बाबा आतून विचारतात. खालच्याला फारसं कोणी विचारत नाही. वरचं १४८ निघालं, की लगेच तपास सुरू होतो. काल रात्री पापड कोणी भाजला होता? लोणच्याची बरणी टेबलावर कशाला आली? मामाचा फोन किती वेळ चालला होता, आणि त्यात वाटणीचा विषय निघाला का? कधीकधी संशय मालिकेतल्या सासूवरही जातो. १२४ आलं, तर श्रेय घ्यायला तेवढीच गर्दी. बाबा म्हणतात प्राणायाम, वहिनी म्हणते भाजीतलं मीठ, आणि शेजारच्या काकू लसणाची पाकळी सोडायला तयार नसतात. आकडा सहजच आला असेल, हे आमच्यात कोणालाच पटत नाही.

खरं तर बीपी ठोक्यागणिक हलतं. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्लिश पाद्र्यानं घोडीच्या धमनीत नळी घालून तिला उभी काचेची नळी जोडली होती. रक्त त्या नळीत सव्वाआठ फूट चढलं आणि प्रत्येक ठोक्याला वर-खाली होत राहिलं. १७३३ साली त्यानं हे छापून प्रसिद्ध केलं. घोडीचं वाईट वाटतं, पण त्या नळीकडे बघणाऱ्याला 'आजचं बीपी किती' हा प्रश्न सुचलाच नसता. पुढे १८९६ मध्ये रिवा-रोची या इटालियन डॉक्टरनं दंडाला बांधायचा पट्टा आणला, १९०५ मध्ये कोरोटकॉफ या रशियन डॉक्टरनं त्याखाली स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकायला शिकवलं. आमचं मशीन काही ऐकत नाही. पट्ट्यातल्या हवेची थरथर पकडून ते दोन आकडे हिशेबानं काढतं आणि ठळक अक्षरांत दाखवतं. एकदा ते स्थिर दिसले, की काल्याचा प्रसाद वाटावा तसे ते घरभर वाटले जातात.

त्यात मशीनच्या अटी. आधी पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडी किंवा अढी नको. दंड छातीच्या पातळीवर. अर्धा तास आधी चहा नको, लघवी तुंबवून बसू नका, बोलू नका. यातली एकेक गोष्ट चुकली तरी आकडा बहुतेक वेळा चढतो. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली, की दंड तिथेच आवळतो. म्हणून आई आता गाऊन घालूनच मोजते. बाकी सगळं जमतं, बोलायचं तेवढं थांबत नाही. पट्टा फुगत असताना, "अगं, दूध बघ," हे निघतंच. मग "हा धरू नका," असं जाहीर होऊन दुसऱ्यांदा मोजलं जातं, आणि त्यातलं जे कमी असेल ते कालनिर्णयाच्या चौकोनात, दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींशेजारी जातं.

ही चलाखी डॉक्टरांनी एका मिनिटात पकडली. त्यांनी चौकोनांकडे न बघता मशीनच मागून घेतलं आणि मेमरीचं बटण दाबत बसले. दवाखान्यात आईचं कायम १५० च्या वर. डॉक्टर समोर दिसले की अनेकांचं चढतं, म्हणून दवाखान्यात १४०-९० ही रेषा धरतात आणि घरच्या मोजणीला १३५-८५. त्यांनी सांगितलं होतं, आठवडाभर सकाळी गोळीच्या आधी दोनदा, रात्री दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून. पहिला दिवस सोडून द्यायचा आणि उरलेल्यांची सरासरी. ती निघाली १३२-८२.

"छान आहे. तीच गोळी चालू ठेवा."

आईचा चेहरा पडला. सरासरीत पापड दिसत नाही, मामा दिसत नाही. "मग त्या दिवशीचं १४८ कशानं आलं?" तिनं विचारलंच. रोजचंच मीठ जास्त असेल तर बीपी वाढतं, पण एका पापडावर एका सकाळचा आकडा लादता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पापड कमीच खा, हेही सांगितलं, आणि घरी पोचेपर्यंत आईनं त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं.

बाबांना काहीच त्रास नाही, म्हणून त्यांनी कधी मोजलंही नव्हतं. बीपीचा त्रास बहुतेकांना होत नाहीच, तीच तर अडचण. परवा त्यांनी गंमत म्हणून पट्टा बांधला. वरचं १५६. पुन्हा मोजलं, १५४.

"मशीन बिघडलंय," ते म्हणाले.

आईनं लाल पेन शोधून त्या तारखेच्या चौकोनात दोन्ही आकडे लिहिले, कमी-जास्त न करता. "उद्यापासून आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ," ती म्हणाली. "आणि काल कोपऱ्यावरच्या गाडीवर किती वडे खाल्लेत, ते आधी सांगा."