म्हैस पान्हवली तो दिवस

"डॉक्टर, बाकी काय नको. पान्ह्याचं इंजेक्शन तेवढं टोचा," गोठ्यात शिरतोय तोच मालक म्हणाले. मंगळवेढ्याजवळची वस्ती. पंढरपुरी म्हैस, खांद्यामागं गेलेली तलवारीसारखी शिंगं. रेडकू परवा दगावलेलं, तेव्हापासून तिनं दूध चोरलेलं. कास तटतटलेली, पण चारही सडांतून मिळून तांब्याभर निघेना.

ताप नव्हता, सडात गाठ नव्हती, दूध फाटलेलं नव्हतं. पाठीवर मात्र काठीचे वळ होते. लाथ झाडली म्हणून नव्या गड्यानं तिला बडवलं होतं.

"आधी धार कोण काढायचं?"

"आई. लेकीकडं गेलीया, पलीकडच्याच वस्तीवर."

"मग आईंना आणा."

म्हशीचं जवळजवळ सगळं दूध कासेतल्या बारीक पिशव्यांत असतं, नुसते सड ओढून ते खाली येत नाही. सडाला हात लागला की सांगावा मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत जातो. तिथल्या चेतापेशी ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक बनवतात आणि आपल्याच लांब तंतूंतून मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागात साठवतात. तिथून ते रक्तात सुटतं, कासेत पोचतं, पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळतात. हाच पान्हा. भेदरलेल्या जनावराचा मेंदू ते सोडतच नाही. बाटलीतलं ऑक्सिटोसिन गरजेला मीही देतो. पण रोज टोचलं की त्याचीच सवय लागते, मग नुसत्या हाताला जनावर पान्हवत नाही. सुईशिवाय दूध न देणाऱ्या म्हशी मी पाहिल्यात. मला ते बघवत नाही.

आई आल्या. गड्याला बाहेर काढलं. पुढ्यात आंबोण ठेवलं, कोमट पाण्यानं कास धुतली आणि "काय झालं गं माझ्या बाईला" म्हणत सड चोळत बसल्या. म्हैस आधी थरथरली. मग कान सैल पडले, ती खाऊ लागली. मी घड्याळ बघत होतो. दोन मिनिटं काहीच नाही. तिसरं उलटता उलटता सुरकुतलेले सड डोळ्यांदेखत फुगले, ताठ झाले.

"आता उठू नका," मी हळूच म्हणालो. हे ऑक्सिटोसिन रक्तात फार टिकत नाही. मधेच हात थांबला तर उरलेलं दूध वरच राहतं.

पण त्या कुठल्या उठायला! रिकाम्या बादलीत पहिल्या धारा खणखणल्या, मग फेस चढत गेला तसा आवाज बसका होत गेला.