मॉरिशस: धक्क्यापासून मतपेटीपर्यंत

मॉरिशसला जाणारे बरेचसे मराठी पर्यटक विमानतळावरून थेट किनाऱ्यावरच्या हॉटेलात पोचतात आणि आठवड्याने तसेच परततात. समुद्र सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण हा देश आपल्यासारख्या माणसांच्या हातांनी उभा राहिला, आणि त्यातले काही हात रत्नागिरीकडचे होते. म्हणून आम्ही उलट्या क्रमाने फिरायचं ठरवलं: आधी राजधानी पोर्ट लुईचा धक्का, मग उसाच्या गावांचा पठारी प्रदेश, आणि किनारा शेवटी. मागून येणाऱ्यांनी हाच क्रम धरावा असं मी आग्रहाने सांगेन, कारण धक्का पाहिल्याशिवाय पुढचं राजकारण, सण, भाषा यांतलं काहीच नीट उलगडत नाही.

आधी तयारीचं सांगते. मुंबईहून थेट विमान आहे, साधारण सहा तासांचं. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग हाताशी ठेवा आणि निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवास-फॉर्म भरून टाका. फळं, बियाणं, रोपं यांबाबत तपासणी कडक असते, तेव्हा घरच्या आंब्यांचा मोह आवरा. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवीच. घड्याळ भारतापेक्षा दीड तास मागे. वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात, त्यामुळे गाडी भाड्याने घेऊन चालवणं सोपं जातं. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी, सुखद. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चक्रीवादळांचा काळ. गावांतून सपाट छताची काँक्रीटची घरं दिसतात, त्यामागे 1960चं कॅरोल वादळ आहे. त्या वादळात लाकडी आणि गवती घरं हजारोंनी कोसळली आणि त्यानंतर बांधकामाची रीतच बदलली.

पोर्ट लुईत आप्रवासी घाट, म्हणजे भारतातून आणलेले मजूर जिथे उतरले तो धक्का, बंदराला लागूनच आहे आणि मेट्रोचं शेवटचं स्थानकही तिथून जवळ. प्रवेश मोफत आहे. शनिवारी आणि सुट्टीच्या दिवशी जाण्याआधी वेळ विचारून घ्या. पाहायला गेलं तर उरलंय थोडंच: दगडी पायऱ्या, पहारेकऱ्यांच्या खोल्या, दवाखान्याचा भाग, मोऱ्या आणि न्हाणीघरांचे अवशेष. तरी किमान दोन तास द्या आणि शेजारचं माहिती केंद्र आधी पाहा.

इथे घडलं ते थोडक्यात असं. 1598मध्ये डचांनी बेटाला आपल्या राजपुत्राचं, मॉरिस ऑफ नासाऊचं नाव दिलं, डोडो पक्षी त्यांच्याच काळात संपला, आणि 1710मध्ये ते बेट सोडून गेले. 1715पासून फ्रेंच. त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले, आणि 1735मध्ये आलेल्या ला बूर्दोने या गव्हर्नरने पोर्ट लुई घडवलं. 1810मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकलं. पण मळे, भाषा आणि कायदे बऱ्याच अंशी फ्रेंचांचेच राहिले. 1835मध्ये गुलामगिरी संपली, पण उसाला पुढे माणसं कुठून आणायची हा प्रश्न मळेवाल्यांपुढे त्याआधीच उभा होता. त्याचं उत्तर त्यांना भारतात सापडलं. 2 नोव्हेंबर 1834ला ‘ॲटलस’ जहाजातून आलेल्या मजुरांच्या तुकडीपासून हा करारबद्ध मजुरीचा प्रयोग धरला जातो. ती तारीख आज तिथे सुट्टीची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसं या बेटावर उतरली. बहुतेक भोजपुरी पट्ट्यातली, मग तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून चढवलेली मराठी माणसं.

करार बहुधा पाच वर्षांचा, पुरुषाला महिना पाच रुपये. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. करार संपला तरी माणूस मोकळा होत नसे. 1867च्या कायद्यानंतर जुन्या मजुराला फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे, आणि तो नसला की भटक्या म्हणून अटक. 1871मध्ये आडोल्फ द प्लेविट्झ या गोऱ्या माणसाने या मजुरांच्या बाजूने अर्ज लिहिला, हजारोंनी त्यावर खुणा-सह्या केल्या, आणि पुढच्या वर्षी शाही चौकशी आयोग आला. माहिती केंद्रातल्या भिंतीवरचे फोटो याच परवान्यांच्या काळातले. कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारी ती माणसं पाहताना मला रडू आलं, आणि ते सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

घाटापासून थोड्या अंतरावर फ्रेंचांच्या जुन्या लष्करी रुग्णालयात गुलामगिरीचं संग्रहालय आहे. ते टाळू नका. आपण भारतीय पर्यटक आपल्या पूर्वजांच्या कहाणीत इतके गुंततो की त्यांच्याही आधी, साखळदंडांत आलेल्यांचा विसर पडतो. त्या गुलामांच्या वंशजांच्या आजच्या क्रिओल समाजाला ही दुर्लक्षित ठेवल्याची भावना टोचते. 1999च्या फेब्रुवारीत काया हा लोकप्रिय गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेटभर दंगली उसळल्या, त्या रागाच्या मुळाशी हेच होतं.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने पठारावर गेलो. ही मेट्रो भारताच्या अर्थसाहाय्यातून उभी राहिली आहे, 2022पासून ती पोर्ट लुई ते क्यूरपीप अशी पूर्ण धावते. स्वच्छ, स्वस्त आणि वेळेवर. रोझ हिलवरून एक फाटा रेदुईकडे जातो, तिथून मोका जवळ. मोक्यातल्या महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत: नाव, बापाचं नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण. तुमच्या घराण्यातलं कुणी तिकडे गेल्याची आठवण असेल तर निघण्यापूर्वीच पत्र पाठवा. जहाजाचं नाव किंवा वर्ष तरी कळवा. नुसत्या नावावर शोध लागणं अवघड, कारण तिथल्या कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं. मजुराचं पहिलं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. आपल्याकडचं आडनाव तिथे शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

वाक्वापर्यंत मेट्रो आणि पुढे बस किंवा टॅक्सी करून हेन्रिएत्ता गाठता येतं. या गावात 1896मध्ये एका मराठी कुटुंबाने गणपती बसवला, मॉरिशसमधला पहिला गणेशोत्सव म्हणून त्याची नोंद आहे. आज गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. मात्र तारीख जपून पाहा: सुट्टी विसर्जनाच्या दिवशी, म्हणजे आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते. कोकणातला दीड दिवसाचा गणपती तिथे राष्ट्रीय दिनदर्शिकेत जाऊन बसलाय. आरतीनंतर झाकरी होते. आपल्या जाखडीचीच ती बहीण, तसाच गोल, तसाच ठेका. मिरवणुकीत भोजपुरी, तमिळ शेजारी असतात, आणि वाटेत क्रिओल बायाही पोरांना घेऊन उभ्या राहतात.

एका घरी आम्हाला आग्रहाने जेवायला बसवलं. घरातल्या आजी आमच्याशी मराठीत चार वाक्यं बोलल्या आणि मग क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या तिथल्या बोलीत, वळल्या. नातीने फ्रेंच आणि इंग्रजीत सांधून सांगितलं. ती शाळेत मराठी शिकते, लिहितेही छान, पण बोलायला तिला कुणी भेटत नाही. ‘मावशी, तुम्ही मराठीतच बोला, मी ऐकते,’ असं ती सारखी म्हणत होती. आपल्याकडून जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: तिथे मराठी माणूस भेटला तर हिंदी-इंग्रजीवर उडी मारू नका. सावकाश मराठीत बोला. त्यांना ते हवं असतं.

भाषेचा आणि सत्तेचा धागा या बेटावर फार घट्ट विणलेला आहे. उसाच्या मळ्यांतल्या वस्त्यांवर संध्याकाळी बैठका भरत; तिथे दिवसभर राबलेली माणसं आणि त्यांची पोरं अक्षरं गिरवत, रामायण वाचत. दरम्यान मजूर संघटित होत होते. 1936मध्ये मजूर पक्ष स्थापन झाला, 1937मध्ये आणि पुन्हा 1943मध्ये मळ्यांवर गोळीबार झाले. 1943च्या गोळीबारात बेल व्ह्यू हारेल इथे अंजलाय कुपेन ही गरोदर मजूर स्त्री मारली गेली. तिथल्या स्टेडियमला तिचं नाव आहे. मग 1947चं संविधान आलं. मतदानासाठी साधं लिहिता-वाचता येणं पुरे झालं, आणि ते इंग्रजी-फ्रेंचमध्येच हवं अशी अट उरली नाही. हिंदुस्थानी, तमिळ, उर्दू अशा भाषाही चालल्या. मतदार जेमतेम 12,000 होते, ते 70,000च्या पुढे गेले. बैठकीतल्या पाटीवरची अक्षरं थेट मतपेटीत उतरली! प्रत्येक प्रौढाला मत मिळालं ते 1959मध्ये.

स्वातंत्र्यही एकमुखाने आलं नाही. 1967च्या निवडणुकीत सुमारे 44 टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या बाजूला पडली. हिंदू बहुसंख्याकांच्या राज्यात आपलं काय होईल ही क्रिओल आणि इतर अल्पसंख्याकांची भीती खरी होती. 12 मार्च 1968ला शां द मार्सच्या रेसकोर्सवर झेंडा चढला, त्याच्या काही आठवडे आधी पोर्ट लुईत दंगली झाल्या होत्या. त्या भीतीवरचा उतारा म्हणून एक व्यवस्था संविधानात आहे: 62 निवडून आलेल्या जागांशिवाय आठपर्यंत जागा हरलेल्यांतल्या सर्वांत बऱ्या उमेदवारांना, समाजांचा तोल राखून. समाज चार: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सगळे ‘सामान्य लोकसंख्या’. हिशेब अजून 1972च्या जनगणनेचा, कारण त्यानंतर समाज विचारणंच बंद झालं. उमेदवाराने आपला समाज जाहीर करण्याच्या सक्तीवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने 2012मध्ये बोट ठेवलं. या व्यवस्थेने सुरुवातीची वर्षं शांततेत जायला मदत केली असं मला वाटतं, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या आकड्यांनी आजच्या पोरांना खणांत बसवणं अन्यायाचं आहे.

मराठी माणूस यात कागदोपत्री हिंदू. पण व्यवहारात तिथे ‘हिंदू’ म्हटलं की भोजपुरी-हिंदीवाले डोळ्यांपुढे येतात. तमिळ, तेलुगू, मराठी स्वतःला वेगळे मानतात, त्यांच्या संस्था वेगळ्या. हातातली नोट पाहा: इंग्रजी, तमिळ, हिंदी. 1998मध्ये नव्या नोटांवर हिंदी तमिळच्या वर छापली गेली, तमिळ समाज रस्त्यावर आला आणि नोटा मागे घ्याव्या लागल्या.

टॅक्सीवाले राजकारणावर मनापासून बोलतात, फक्त ‘तुम्ही कुठल्या समाजाचे’ असं विचारू नका. ते स्वतः सांगतील. रामगुलाम आणि जगन्नाथ या दोन घराण्यांभोवती दशकानुदशकं सत्ता फिरली. शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान, त्यांचे पुत्र नवीनचंद्र नोव्हेंबर 2024मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले, 62पैकी 60 जागा जिंकून. घराणेशाही खरी, तरी सरकारं मतांनी बदलतात आणि हरलेला निमूट घरी जातो. शागोस बेटांचा विषय निघाला की मात्र सगळे एका आवाजात बोलतात. 1965मध्ये, स्वातंत्र्याआधीच, ब्रिटनने ती तोडून घेतली आणि दिएगो गार्सियावर अमेरिकी तळ व्हावा म्हणून तिथल्या रहिवाशांना हुसकावलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2019मध्ये मॉरिशसच्या बाजूने मत दिलं, मे 2025मध्ये ब्रिटनशी करारावर सह्या झाल्या. हुसकावलेल्यांपैकी अनेक कुटुंबं पोर्ट लुईच्या गरीब वस्त्यांत वाढली, आणि आमच्याबद्दलचा करार आम्हाला न विचारता का, हा त्यांच्यातल्या अनेकांचा सवाल मला रास्त वाटतो.

खाण्याची काळजी नको. ढोल पुरी, म्हणजे डाळ भरलेली पातळ पोळी, गाडीवर उभ्याने खा, जोडीने मिळते. शाकाहारी आहे, पण मिरचीची चटणी वेगळी मागा. गातो पिमां म्हणजे डाळवडेच. रोख सुटे पैसे जवळ ठेवा, बसमध्ये कंडक्टर तिकीट देतो. संध्याकाळनंतर बस मिळणं कठीण, म्हणून खेड्यांतून उजेडातच परता. गंगा तलाव या हिंदूंच्या तीर्थाला जाताना गरम कपडे न्या, पठारावर धुकं आणि पाऊस अचानक येतो. महाशिवरात्रीच्या आठवड्यात कावड घेतलेल्यांनी रस्ते भरून जातात, तेव्हा गाडीने जायचं असेल तर दिवस बदला. चालत जायचं असेल तर तोच दिवस निवडा, वाटेवर लोक बोलावून पाणी आणि जेवण देतात.

आणि मग किनारा. नैऋत्येला ल मोर्नचा डोंगर आहे, पळून गेलेल्या गुलामांचा आसरा. 2008पासून जागतिक वारसा. पहाटे चढायला लागा, वरचा टप्पा खडा आहे, बूट चांगले हवेत, पावसानंतर वर जाऊच नका. पायथ्याशी गुलाम-मार्गाचं स्मारक आहे, तिथे आधी थांबा. आग्नेयेला माएबूर आणि प्वाँत देस्नीचा समुद्र पाहा: जुलै 2020मध्ये ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज तिथल्या प्रवाळांवर चढलं आणि काही दिवसांत तेल सुटलं. सरकारी मदतीची वाट न पाहता हजारो लोकांनी उसाचं पाचट कापडात शिवून तरंगते बांध केले. माएबूरहून विमानतळ जवळ आहे, म्हणून शेवटचा मुक्काम तिथेच ठेवा, आणि तो सोमवारी ठेवलात तर गावचा मोठा बाजारही मिळेल.