पावणेदोन तास गेले कुठे?

मागच्या वर्षी एका सकाळी आमच्या कॅज्युअल्टीत पन्नाशीचे एक गृहस्थ आले. उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडं, शब्द फुटत नव्हता. पोरांनी गावाहून जीपमध्ये घालून पाऊण तासात आणलं होतं, म्हणजे अगदी वेळेत. आणि आमच्या दारातून आत आल्यावर मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरू व्हायला लागले पावणेदोन तास. कुणी चहा पीत बसलं नव्हतं. जो तो आपापलं काम नियमाने करत होता, दुखणं तिथेच होतं.

मी तिथली इन्चार्ज सिस्टर. संध्याकाळी फिजिशियन सर म्हणाले, "सिस्टर, पुढच्या पॅरालिसिसच्या पेशंटपासून केसपेपरला एक कोरा कागद टाचा. जे जे होईल त्याची वेळ लिहा. कुणाचं नाव नको, कारण नको."

गुठळी अडकलेली असताना दर मिनिटाला मेंदूतल्या अंदाजे १९ लाख पेशी जातात, हे आम्ही ट्रेनिंगमध्ये घोकलेलं. पहिल्याच कागदावर दिसलं, २२ मिनिटं डिपॉझिटच्या पावतीत गेली. पावतीचा नंबर पडल्याशिवाय मेंदूच्या सीटी स्कॅनची चिठ्ठी निघायची नाही. ११ मिनिटं लिफ्टपाशी. मग रक्ताचे सगळे रिपोर्ट येईपर्यंत थांबा. मग नातेवाइकाने चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये रांग लावायची.

सरांनी फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या डॉक्टरांचं काम सांगितलं. दारापासून इंजेक्शनपर्यंत तिथे १९९८ मध्ये १०५ मिनिटं लागायची, २०११ मध्ये २० वर आणली. मला वाटलं, मशिनं भारी असतील. तर त्यांनी काय केलं? अँब्युलन्समधून आधीच फोन, त्याच स्ट्रेचरवरून थेट सीटी, आणि इंजेक्शन सीटीच्या टेबलावरच.

आम्ही सुरुवात वॉचमनपासून केली. तोंड वाकडं, हात पडलेला, बोलणं बोबडं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याने बेल मारायची. बेल वाजली की वॉर्डबॉय मामा ट्रॉली घेऊन दारात आणि लिफ्ट खाली अडवलेली. बिलिंगशी भांडण दीड महिना चाललं. शेवटी पॅरालिसिसच्या पेशंटसाठी लाल शिक्का निघाला, 'स्ट्रोक, पैसे नंतर'. लॅबचं सरांनीच मिटवलं: सुई टोचून साखर बघायची आणि पुढे जायचं. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल किंवा तसा काही संशय असेल तरच बाकीच्या रिपोर्टसाठी थांबायचं. औषधाचा बॉक्स कॅज्युअल्टीच्या फ्रीजमध्ये आला.

सगळ्यात गंमत वजनाची. अल्टेप्लेज, म्हणजे हेच गुठळीचं इंजेक्शन, किलोला ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. आडव्या माणसाचं वजन करायचं कसं? बायको म्हणते साठ, मुलगा म्हणतो ऐंशी! स्टोअरमध्ये धान्याची पोती मोजायचा प्लॅटफॉर्म काटा होता, तो मामांनी ओढत दारात आणून ठेवला. रिकाम्या ट्रॉलीचं वजन तिच्या दांड्यावर ऑइलपेंटने लिहिलं. आता पेशंटसकट काट्यावर घ्यायची आणि वजाबाकी करायची.

नातेवाइकांचा वेळ मात्र शिक्क्याने वाचत नाही. पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला, तिथपासून साडेचार तासांच्या आत हे इंजेक्शन. पण ती वेळ सांगणार कोण? एका मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "सकाळीच झालं बाई." सकाळी म्हणजे कधी? पेशंटचा शर्ट काढताना खिशातून डेअरीची पावती पडली. म्हशीचं दूध, फॅट, आणि वेळ ६:४२. डेअरीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "अहो, दूध घालून माझ्याशी बोलून गेले की नीट!" घड्याळात तेव्हा सव्वानऊ वाजले होते.

तरी सहीला मुलगा अडला. "पुण्याहून दादा निघालाय, त्याला येऊ दे." मी त्याला बाकावर बसवलं. म्हटलं, "दादांना स्पीकरवर घ्या." सरांनी दोघांना एकदमच सांगितलं: धोका आहे, १९९५ च्या मूळ अमेरिकन चाचणीत शंभरातल्या सहाएक जणांना मेंदूत रक्तस्राव झाला होता. पण न दिल्यास हा हात कदाचित असाच राहील. पलीकडून दादा म्हणाला, "द्या." त्या दिवशी दारापासून सुईपर्यंत ४१ मिनिटं. तिसऱ्या दिवशी पेशंटनी डाव्या हाताने उजवा उचलून दाखवला, मग उजवा एकटाच, जेमतेम वीतभर.

सगळेच असे होत नाहीत. "झोपून उठला की बरं वाटेल" म्हणून दुपारपर्यंत घरीच ठेवलेले येतात, तेव्हा आमचा काटा आणि शिक्का बघत बसतात.

आणि रात्रीचं अजून जमलेलं नाही. सीटीचा टेक्निशियन रात्री घरी असतो, फोन केल्यावर गाडी काढून येतो. पावसाळ्यात त्याच्या रकान्यात ३५, ४० असे आकडे पडतात. रात्रपाळीला माणूस द्या म्हणून अर्ज केलाय. हा तिसरा. सोबत या वेळी कागदांच्या झेरॉक्स जोडल्यात.