तुम्ही विचारलंत म्हणून : कामावर रुजू झाल्यावर दूध आटेल का?

रजा संपत आली की नव्याने आई झालेल्या अनेक मैत्रिणी मला हाच प्रश्न विचारतात. मी स्वतः नोकरी सांभाळून बाळाला अंगावर पाजले असल्याने त्यामागची धास्ती मला चांगली ठाऊक आहे. माझे उत्तर असे, की दूध नोकरीमुळे आटत नाही. ते तासन्‌तास स्तनांत साचून राहिल्यामुळे कमी होत जाते.

स्तन बराच वेळ भरलेले राहिले की दूध तयार होण्याचा वेग मंदावतो आणि ते वरचेवर रिकामे होत राहिले की तोच वेग वाढतो. त्यामुळे बाळ घरी ज्या सुमारास पीत असे, साधारण त्याच सुमारास, म्हणजे दर तीन तासांनी, कामाच्या जागीही दूध काढावे. सलग अर्धा तास मिळत नसेल, तर एकदाच खूप वेळ बसण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटांच्या दोन खेपा मला अधिक मोलाच्या वाटतात. एखादी खेप चुकल्याने काही बिघडत नाही. रोज चुकू लागली, की मात्र दूध हळूहळू कमी होते आणि स्तनांत गाठी होण्याचीही भीती असते.

पंप लावल्यावर पहिली एक-दोन मिनिटे बाटलीत नुसते थेंब पडतात आणि आईची नजर त्या थेंबांवरच खिळून राहते. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे), आणि ताण आला की नेमका तोच अडखळतो. अशा वेळी बाटलीवर रुमाल टाकून ती झाकावी, बाळाचा फोटो पाहावा, त्याच्या अंगाचा वास असलेले दुपटे जवळ घ्यावे आणि बोटांनी स्तन हलके चोळत राहावे. अनेकींना याने खरोखर फरक पडतो. पंप दुखता कामा नये. स्तनाग्र फनेलच्या, म्हणजे स्तनावर बसणाऱ्या पंपाच्या भागाच्या, नळीला घासत असेल, तर फनेलचे माप बदलावे. तरीही पंपाने निघालेले दूध म्हणजे तुमचे सगळे दूध नव्हे, कारण नीट पिणारे बाळ बहुधा पंपापेक्षा अधिक दूध ओढते.

दूध कमी पडते असे वाटण्याचे कारण पुष्कळदा बाळाला पाजण्याच्या पद्धतीत असते. एक ते सहा महिन्यांच्या बाळाला दिवसभरात सरासरी 750 मिलिलिटरच्या आसपास दूध लागते आणि वय वाढले म्हणून हा आकडा फारसा चढत नाही. बाटलीतून मात्र दूध सहज वाहत असल्याने बाळ गरजेपेक्षा जास्त पिऊ शकते आणि आईला आपणच अपुऱ्या पडतो असे वाटू लागते. म्हणून सांभाळणाऱ्या व्यक्तीला बाळाला बसते धरून, बाटली आडवी ठेवून, मध्ये मध्ये थांबत पाजायला आवर्जून शिकवावे.

रात्रीचे पाजणे शक्यतो सोडू नये, कारण दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक असते. सुट्टीच्या दिवशी तर पंप बाजूला ठेवून बाळाला मागेल तेव्हा अंगावर घ्यावे.

काढलेले ताजे दूध 25 अंशांपर्यंतच्या तापमानात 4 तास आणि फ्रिजमध्ये 4 दिवस टिकते. ते मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नये.

गर्भनिरोधक गोळी किंवा सर्दीचे औषध घेण्यापूर्वी आपण स्तनपान करत असल्याचे डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण काही गर्भनिरोधक गोळ्यांतले इस्ट्रोजेन आणि सर्दीच्या काही औषधांतले स्यूडोएफेड्रिन या दोन्हींमुळे दूध घटू शकते. एवढे करूनही शंका उरली, तर बाळाचे वजन आणि दिवसभरात ओले होणारे लंगोट पाहावेत. त्यात घट दिसली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.